‘सोमवारपर्यंत’ म्हणजे नेमकं कधी?

प्रश्न: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरी निर्यात करणाऱ्या एका युनिटमध्ये मी पत्रव्यवहार बघते. गिऱ्हाइकं स्पेन आणि मेक्सिकोची, म्हणून नऊ महिन्यांपासून मोबाइलच्या अ‍ॅपवर स्पॅनिश शिकतेय. शब्द पाठ होतात, पण वाक्य करायला बसलं की ‘असणं’ला ‘सेर’ की ‘एस्तार’, ‘साठी’ला ‘पोर’ की ‘पारा’ यातच गाडी अडते. मागच्या महिन्यात मेक्सिकोहून मेल आला, ‘एल ख़ेफे रेग्रेसा आस्ता एल लुनेस’. ‘साहेब सोमवारपर्यंत परत येतील’ असा अर्थ लावून मी शनिवारी फोन केला, तर पलीकडची बाई हसायलाच लागली. शब्दकोशात ‘आस्ता’ म्हणजे ‘पर्यंत’ असंच आहे. मग चुकलं कुठे? मी लिहिलेल्या या तीन ओळीही तपासा: ‘सेन्योर, ते एन्बिओ लास तोआयास ब्लांको पोर एल बिएर्नेस. एस्पेरो के एस्तास बिएन. बूस्को कोन्फिर्मासियोन आस्ता एल मिएर्कोलेस.’ (शुक्रवारपर्यंत पांढरे टॉवेल तयार होतील, बुधवारपर्यंत ऑर्डर पक्की करा, असं सांगायचं होतं.) भाषांतराचं अ‍ॅप वापरू का? परीक्षा देऊ का?

उत्तर: ताई, शब्दकोश खोटा नाही आणि तुम्हीही फार चुकलेल्या नाहीत. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कोलंबियात ‘आस्ता’ची एक वेगळीच चाल आहे, आणि अ‍ॅपमध्ये ती सहसा शिकवत नाहीत. स्पेनचा माणूस तेच वाक्य ‘नो रेग्रेसा आस्ता एल लुनेस’ असं लिहील, म्हणजे ‘साहेब सोमवारपर्यंत परत येत नाहीत’. मेक्सिकोत त्यातला ‘नो’ गळतो आणि अर्थ मात्र तोच राहतो: येतील ते सोमवारीच, त्याआधी नाही. तुम्ही शनिवारी फोन केलात, म्हणून हसणं आलं.

हे ओळखायचं कसं? क्रियापद बघा. येणं, पोचणं, उघडणं, सुरू होणं अशी एका क्षणात घडणारी क्रिया असेल, तिच्यापुढे ‘आस्ता’ असेल आणि पत्र मेक्सिकोचं असेल, तर मनातल्या मनात एक ‘नाही’ घालून वाचा. ‘आब्रीमोस आस्ता लास दिएस’ म्हणजे तिकडे ‘आम्ही दहालाच उघडतो’. क्रिया ताणून चालणारी असेल, जसं काम करणं, राहणं, थांबणं, तर नेहमीचाच अर्थ घ्या. ‘त्राबाख़ो आस्ता लास सिन्को’ हे तिकडेही ‘पाचपर्यंत काम करते’ असंच आहे. तरी शंका उरलीच तर ‘देस्दे एल लुनेस?’ म्हणजे ‘सोमवारपासून ना?’ असं एका ओळीत विचारून टाकावं. त्यात कमीपणा काही नाही.

यातला खरा धोका वाचण्यात नाही, लिहिण्यात आहे. मराठीतलं ‘पर्यंत’ दोन कामं करतं. ‘शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे’ यात काहीतरी चालू राहतं, तिथे ‘आस्ता’. ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवा’ यात मुदत आहे. तिथे ‘पारा एल बिएर्नेस’, किंवा जास्त नेमकं हवं असेल तर ‘आ मास तार्दार एल बिएर्नेस’, म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी. आता समजा तुम्ही मेक्सिकोला लिहिलंत की कंटेनर ‘साले आस्ता एल लुनेस’. तुमच्या मनात ‘सोमवारच्या आत निघेल’. त्यांनी वाचलं ‘सोमवारशिवाय निघत नाही’. अर्थ बरोब्बर उलटा झाला, आणि वाद होईस्तोवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मुदत सांगताना ‘आस्ता’ला हातच लावू नका. आणि नुसतं ‘शुक्रवारी’ म्हणायचं असेल तर कुठलंच अव्यय लागत नाही, ‘एल बिएर्नेस’ एवढं पुरे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या तिन्ही ओळी आधी इंग्रजीत तयार होऊन मग स्पॅनिशमध्ये उतरल्यात, हे उघड दिसतं. अ‍ॅपची शिकवणी इंग्रजीतून असल्यामुळे हे बहुतेकांचं होतं. पण स्पॅनिशच्या कितीतरी अवघड म्हणवल्या जाणाऱ्या जागा मराठी माणसाला घरबसल्या ठाऊक असतात. इंग्रजीचा वळसा घालून गेलं की त्याच जागा नव्याने शिकाव्या लागतात, आणि चुकीच्या शिकल्या जातात.

‘गुस्तार’ घ्या. इंग्रजीवाले ‘आय लाइक’वरून ‘यो गुस्तो’ लिहितात आणि महिनोन्‌महिने तीच चूक करतात. आपल्याकडे ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’: आवडणाऱ्याला ‘ला’ लागतो, क्रियापद आंब्याच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस’. एकास एक जुळतं. सोलापुरात तर घरात तेलुगू किंवा कन्नड असेल तरी फरक नाही. ‘नाकु इष्टम’, ‘ननगे इष्ट’ ही त्याच घडणीची वाक्यं. याच साच्यात ‘मे पारेसे’ (मला वाटतं), ‘मे फाल्तान दोस काख़ास’ (मला दोन खोकी कमी पडतायत), ‘मे कुएस्ता’ (मला जड जातं) ही सगळी बसतात.

माणसापुढे येणारा ‘आ’ हाही तसाच. ‘नमुना पाहिला’ म्हणजे ‘बी ला मुएस्त्रा’. ‘खरेदीदाराला पाहिलं’ म्हणजे ‘बी आल कोम्प्रादोर’. मराठीत माणसाला ‘ला’ लागतो आणि वस्तूला सहसा लागत नाही, तोच हा ‘आ’. एकच सांभाळा: ‘मला दोन मुलं आहेत’मध्ये, म्हणजे ‘तेंगो दोस ईख़ोस’मध्ये, माणसं असूनही ‘आ’ येत नाही.

‘सेर’ आणि ‘एस्तार’बद्दल अ‍ॅपने तुम्हाला ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ असं शिकवलं असणार. हा नियम टाकून द्या. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो, तरी ‘एस्ता मुएर्तो’. सिद्धेश्वर तलाव काही उद्या उठून होटगी रोडला जात नाही, तरी ‘एस्ता एन सोलापुर’. मराठीतून असं तपासा: ‘आहे’च्या आधी ‘-लेला, -लेली, -लेलं’ बसतं का? दार उघडलेलं आहे, बाई दमलेली आहे, माणूस मेलेला आहे, माल पॅक केलेला आहे: सगळीकडे ‘एस्तार’. वस्तू कशाची, कुठली, कोण, कसल्या जातीची हे सांगायचं असेल तर ‘सेर’. ‘ला तोआया एस दे आल्गोदोन, एस दे सोलापुर’, कापसाचा आहे, सोलापूरचा आहे. त्याच टॉवेलबद्दल ‘एस्ता एचा एन सोलापुर’, सोलापुरात बनवलेला आहे. एकच वस्तू, पण प्रश्न बदलला की क्रियापद बदलतं.

या कसोटीचा खरा उपयोग अर्थ बदलणाऱ्या जोड्यांत होतो. ‘एस आबुरीदो’ म्हणजे कंटाळवाणा, ‘एस्ता आबुरीदो’ म्हणजे कंटाळलेला. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला हे समजावायला अर्धं पान लागतं. मराठीत ‘-वाणा’ आणि ‘-लेला’ने ते आधीच सांगून ठेवलंय. ‘एस बेर्दे’ हिरवा, ‘एस्ता बेर्दे’ अजून न पिकलेला. ‘एस लिस्तो’ हुशार, ‘एस्ता लिस्तो’ तयार. म्हणून ‘ऑर्डर तयार आहे’ लिहिताना ‘एल पेदीदो एस लिस्तो’ झालं, तर ऑर्डर फार हुशार आहे असं गिऱ्हाइकाला कळेल.

कसोटी कुठे फसते तेही सांगतो. ‘नावाजलेली कंपनी’, ‘शिकलेला माणूस’ यांतलं ‘-लेला’ आता नुसतं विशेषण झालंय, तिथे ‘सेर’. आणि ठिकाण सांगताना वस्तू किंवा जागा असेल तर ‘एस्तार’, कार्यक्रम असेल तर ‘सेर’. होम मैदान गावात आहे, ‘एस्ता’. गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरते, ‘एस’. जिथे ‘आहे’ऐवजी ‘भरते’ किंवा ‘होणार आहे’ म्हणता येतं, तिथे ‘सेर’.

तुमच्या धंद्यात रोज लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘से’. मराठीत ‘तुटणं-तोडणं, जळणं-जाळणं, वाळणं-वाळवणं’ अशा जोड्या आहेत. स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच आणि आपोआप घडलं तर पुढे ‘से’. ‘रोम्पीओ एल ईलो’ म्हणजे त्याने सूत तोडलं. ‘से रोम्पीओ एल ईलो’ म्हणजे सूत तुटलं. ‘सेकार’ वाळवणं, ‘सेकार्से’ वाळणं. तक्रारीचं पत्र वाचताना याकडे डोळ्यांत तेल घालून बघा, कारण ‘तुमच्या माणसांनी फाडलं’ आणि ‘फाटलं’ यात पैशांचा फरक असतो. ‘ला तोआया से एन्कोख़े’ म्हणजे टॉवेल आटतो. ‘देस्तीन्ये’ म्हणजे रंग जातो. आणि ‘से मे कायो’, म्हणजे ‘माझ्या हातून पडलं’. चूक कबूल करून अंग चोरण्याची ही सोय दोन्ही भाषांनी सारखीच करून ठेवलीय.

सब्जंक्टिव्ह नावाला लोक उगाच घाबरतात. ‘पाठवावे ही विनंती’ हे तुम्ही दिवसातून दहादा लिहिता ना? ‘ले रुएगो के एन्बीए’ हे तेच. ‘पाठवतो’ला ‘एन्बीआ’, ‘पाठवावं’ला ‘एन्बीए’. इच्छा, विनंती, आशा यांच्यामागे ‘के’ आला आणि दुसऱ्याने काही करायचं असलं की हे रूप येतं. म्हणून ‘एस्पेरो के एस्तास बिएन’ चूक, ‘एस्पेरो के एस्ते बिएन’ बरोबर. त्याहून सुंदर जोडी ही: ‘सर्टिफिकेट आहे असा पुरवठादार आमच्याकडे आहे’ आणि ‘सर्टिफिकेट असेल असा पुरवठादार हवाय’. पहिल्यात ‘तिएने’, दुसऱ्यात ‘तेंगा’. आपलं ‘आहे’ आणि ‘असेल’. जो अजून सापडलेला नाही, त्याच्याबद्दल दोन्ही भाषा जपून बोलतात. एका जागी मात्र मराठी आड येते: ‘कंटेनर आला की कळवते’ यात आपण ‘आला’ असं भूतकाळी रूप वापरतो. स्पॅनिशमध्ये तिथेही ‘कुआन्दो येगे’, सब्जंक्टिव्हच. ‘कुआन्दो येगो’ लिहिलंत तर ‘कंटेनर आला तेव्हा’ असं होऊन बसेल.

भूतकाळाची दोन रूपंही ‘गेलो’ आणि ‘जायचो, जात होतो’ यांच्यावर बसतात, ‘फुई’ आणि ‘ईबा’. ‘साबीआ’ माहीत होतं, ‘सुपे’ कळलं. यावर जास्त वेळ घालवायची तुम्हाला गरज पडणार नाही.

‘पोर’ आणि ‘पारा’ला मात्र गरज पडेल, कारण इथे मराठीचं ‘साठी’ फसवतं. आधी ‘साठी’ बाजूला ठेवून बघा. मुळे, बद्दल, मधून, बदल्यात, कर्त्याचा ‘कडून’, किंवा दर सांगायचा असेल तर ‘पोर’: ‘ग्रासिआस पोर सु पेदीदो’ (ऑर्डरबद्दल आभार), ‘सिन्को एउरोस पोर दोसेना’ (डझनाला पाच युरो). मुदत, जायचं ठिकाण, वापर, ज्याला द्यायचं तो माणूस: ‘पारा’. ‘तोआयास पारा ओतेलेस’, हॉटेलांसाठी टॉवेल. एवढं करूनही ‘साठी’च उरलं तर विचारा, कारण मागे आहे की पुढे? ‘लो इसे पोर ती’ म्हणजे तुझ्याखातर केलं, मला तसं करायला लावणारं कारण तू. ‘लो इसे पारा ती’ म्हणजे तुला द्यायला केलं. ‘साठी’ऐवजी ‘खातर’ चालत असेल तर ‘पोर’.

दुसरी फसवणूक लिंगाची. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही, म्हणून लोकांना सोपं वाटतं. पण आपला टॉवेल ‘तो’ आणि त्यांची ‘तोआया’ ‘ती’. म्हणून तुमच्या हातून ‘तोआयास ब्लांको’ गेलं. हवं होतं ‘तोआयास ब्लांकास’. विशेषणं मात्र आपल्यासारखीच वागतात. ‘निळा-निळी’ बदलतं, ‘लाल’ तसंच राहतं. तिकडे ‘ओ’ने संपणारं बदलतं, ‘आसुल’, ‘बेर्दे’, ‘ग्रान्दे’ लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, फक्त अनेकवचन घेतात. एक खास बाब: रंगाचं नाव दोन शब्दांचं झालं की ते गोठतं. ‘तोआयास आसुलेस’ निळे टॉवेल, पण नेव्ही ब्लू असतील तर ‘तोआयास आसुल मारीनो’. कॅटलॉगमध्ये हे हमखास चुकतं. नाम कधीही एकटं पाठ करू नका, ‘ला तोआया’, ‘एल ईलो’ असं आर्टिकलसकटच करा. ‘ला मानो’, ‘एल दीआ’, ‘एल प्रोब्लेमा’ यांसारख्या खोडकर शब्दांवर दुसरा इलाज नाही. आणि ‘कापूस महाग झालाय’ अशा सर्वसाधारण विधानातही ‘एल आल्गोदोन’ लागतं. मराठीत आर्टिकल नाही आणि इंग्रजीही इथे ते गाळते, त्यामुळे दोन्हीकडून दिशाभूल होते.

भाषांतराचं अ‍ॅप वापरा, पण धंद्याचे शब्द त्याच्या हवाली करू नका. सोलापुरात कारखान्यातले निम्मे शब्द इंग्रजी, आणि त्या शब्दांना इंग्रजीत दुसरेही अर्थ आहेत. कापडाचा ‘फास्ट कलर’ अ‍ॅपमधून ‘कोलोर रापिदो’ होऊन येऊ शकतो, म्हणजे वेगवान रंग. हवं ते ‘सोलिदेस देल कोलोर’, रंगाचा पक्केपणा. टॉवेलच्या ‘बॉर्डर’ची ‘फ्रोन्तेरा’ होते, म्हणजे देशाची सरहद्द. टॉवेलवरची पट्टी ‘सेनेफा’. सुताचा ‘काउंट’ हा ‘तीतुलो देल ईलो’, ‘कुएन्ता’ नव्हे. टेरीचा ‘पाइल’ म्हणून ‘पीला’ आलं तर तो ढीग तरी असतो नाहीतर टॉर्चचा सेल. उभारलेल्या फाशांना ‘रीसो’ म्हणतात आणि टेरी टॉवेल म्हणजे ‘तोआया दे रीसो’. ‘फाब्रिका’ म्हणजे कारखाना, कापड नव्हे. कापड ‘तेला’ किंवा ‘तेख़ीदो’. ताणा ‘उर्दीम्ब्रे’, बाणा ‘त्रामा’, माग ‘तेलार’. जीएसएम म्हणजे ‘ग्रामाख़े’, आणि ५०० जीएसएम लिहायचं ते ‘५०० ग्रामोस पोर मेत्रो कुआद्रादो’.

चादरीचा घोळ वेगळाच. इंग्रजीत ‘बेडशीट’ लिहून भाषांतर केलंत तर ‘साबाना’ येईल, आणि ती अंथरायची पातळ चादर झाली. आपली सोलापुरी जाड, जकार्डची, पांघरायची. स्पेनसाठी ‘मान्ता दे आल्गोदोन’ ठीक. मेक्सिकोत मात्र ‘मान्ता’ म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापडही होतं, म्हणून तिकडच्या लेबलवर ‘कोबीख़ा दे आल्गोदोन’ लिहा. अर्जेंटिना, पेरूकडे तीच ‘फ्रासादा’. पलंगावर शोभेला टाकायची असेल तर ‘कोल्चा’ दोन्हीकडे चालेल. एका लेबलवर सगळी स्पॅनिश दुनिया भागवायचा मोह टाळा.

आकड्यांत तर आणखी जपा. स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम देतात: साडेचार युरो म्हणजे ४,५०. तुम्ही हजाराला स्वल्पविराम देऊन १,२५० नग लिहिलेत तर तिकडे ते सव्वा नग वाचलं जाऊ शकतं. मेक्सिकोत आपल्यासारखा दशांशाला टिंबच. दोघांनाही चालेल असं लिहायचं तर १२५० सलग लिहा आणि मोठ्या आकड्यात तीन-तीनचे गट करून मध्ये जागा सोडा. लाख म्हणजे ‘सिएन मिल’, कोटी म्हणजे ‘दिएस मियोनेस’. आणि ‘बियोन’ दिसला तर तो अब्ज नव्हे, लाख कोटी.

‘तुम्ही’ हेही अ‍ॅपमध्ये हरवतं. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये तू आणि तुम्ही दोन्ही विरघळतात आणि पलीकडे बऱ्याचदा ‘तू’ बाहेर पडतं. तुमच्या पत्रात ‘ते एन्बिओ’, ‘एस्तास’ आलंय ते असंच. साहेबांना सरळ अरे-तुरे झालं. गिऱ्हाइकाला ‘उस्तेद’ आणि त्याच्याबरोबर तृतीयपुरुषी क्रियापद. विचित्र वाटलं तर ‘साहेबांनी कळवावं’ हे आठवा. समोरच्याशीच बोलतोय, पण तृतीयपुरुषात. ‘उस्तेद’ हा ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ याचाच झिजलेला तुकडा आहे. आणि ‘घेणं’साठी स्पेनमध्ये सर्रास चालणारं ‘कोख़ेर’ मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील आहे. सगळीकडे ‘तोमार’ वापरा.

वहीत उच्चार देवनागरीत लिहीत असाल तर उत्तमच. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दाती आहेत, इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ‘ट’, ‘ड’ करू नका. पण एक सापळा आहे. त्यांचा ‘च’ नेहमी ‘चिमणी’तला, कधीच ‘चोर’मधला नाही. ‘मूचो’ असं लिहून ठेवलंत की महिन्याने वाचताना जीभ आपसूक चोराकडे जाते; म्हणून ‘मूच्यो’, ‘ओच्यो’, ‘कोल्च्या’ असं लिहा. ‘ख़’ म्हणजे आपला ‘खडू’तला नव्हे, उर्दू ‘ख़बर’मधला घासून येणारा. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, तिथे ‘र’ खडखडवा. आघात लिहून ठेवायला अक्षराखाली रेघ मारा: ‘आ’वर जोर दिला तर ‘आब्लो’ म्हणजे मी बोलते, ‘ब्लो’वर दिला तर तो बोलला; स्पॅनिश लिखाणात त्याच्या सुरुवातीला असलेला ‘एच’ मात्र कधीच ऐकू येत नाही.

रोज २५ मिनिटं पुरेत. सहा नवे शब्द, प्रत्येक आर्टिकलसह आणि तुमच्याच कामाच्या एका वाक्यासह. मग त्या दिवशी पाठवलेल्या एखाद्या मराठी निरोपाचं थेट स्पॅनिश, मध्ये इंग्रजी न आणता. शंका आली तर रेआल आकादेमिया एस्पान्योला या १७१३ साली स्थापन झालेल्या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात शब्दापाशी मेक्सिको, अर्जेंटिना अशा देशांच्या खुणाही असतात. त्या वगळून पुढे जाऊ नका.

परीक्षा नोकरीसाठी अडत नसेल तर घाई नको. द्यायचीच तर दोन आहेत. डेलेचं प्रमाणपत्र कायमचं, सिएलेचं पाच वर्षांचं. दिल्लीच्या इन्स्तितूतो सेर्बान्तेसकडे दोन्हींची माहिती मिळेल. आधी ए२ या सुरुवातीच्या पातळीची तयारी करा. वर सांगितलेलं सब्जंक्टिव्ह त्या पातळीच्या थोडं पुढचं आहे, पण तुमच्या पत्रांना ते आजच लागतं, त्यामुळे परीक्षेची वाट बघू नका.

आता तुमच्या तीन ओळी अशा:

‘एस्तिमादो सेन्योर:
एस्पेरो के एस्ते बिएन. लास तोआयास ब्लांकास एस्तारान लिस्तास पारा एल बिएर्नेस. ले रुएगो के नोस कोन्फिर्मे एल पेदीदो आ मास तार्दार एल मिएर्कोलेस.
आतेन्तामेन्ते,’

‘बूस्को’ काढलं, कारण त्याचा अर्थ शोधणं, आणि कन्फर्मेशन कुठे हरवलेलं नाही. मायन्यापुढे स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम म्हणजे दोन टिंबं. वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षराने सुरू होतात. तुम्ही ‘एन्बिओ’ लिहिलंत त्यातल्या ‘आय’वर आघातचिन्ह हवं, म्हणजे ते ‘एन्बीओ’ होतं. आणि एनवरची नागमोडी रेघ कधीच गाळू नका. ‘आन्योस’ म्हणजे वर्षं. रेघ गेली की उरतं ते शरीराच्या अशा भागाचं नाव, जे बिझनेस पत्रात कुणीही लिहीत नाही, आणि ‘आमच्या कारखान्याला तीस वर्षं झाली’ हे वाक्य तर प्रत्येक कॅटलॉगच्या पहिल्या पानावर असतं. मोबाइलवर एन दाबून धरला की ते अक्षर मिळतं. ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर १६४ टाइप करा. उलट्या प्रश्नचिन्हाला १६८, आघाताच्या ‘आय’ला १६१. हे तीन आकडे कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवा.